भिंतीकडेचा वाफा: आधी भिंत ओळखा, मग रोपं आणा

घराच्या कडेने मातीची पट्टी आहे, तिथे फार बघावं लागणार नाही अशी झाडं सांग, असं कोणी विचारलं की मी आधी विचारते की भिंत कुठल्या दिशेची आहे आणि वर छज्जा आहे का. झाडांची नावं त्यानंतर. पश्चिमेच्या भिंतीला जी कण्हेर मे महिन्यात आठवडाभर पाणी विसरलं तरी ताठ उभी राहते तीच उत्तरेला लावली की नुसती उंच वाढते, वाकते आणि फूल म्हणून देत नाही, आणि मग आपण खत घाल, छाट, औषध मार असं करत बसतो आणि तीच सगळी देखभाल. झाड जागेला शोभलं की निम्मं काम तिथेच संपतं.

आमचं घर पुण्यात कर्वेनगरला, जुनं बैठं, वाफा पश्चिमेला, १८ फूट लांब आणि ४ फूट रुंद. पहिल्यांदा लावला तेव्हा उरुळी कांचनला गेलो होतो, सोलापूर रोडला तिथे एकापुढे एक नर्सऱ्याच आहेत, आणि जे डोळ्यात भरलं ते घेतलं, अनंत, गुलाब, फर्न, शेवंती, रंगीत पानांचं काय काय, अशी २२ रोपं टेम्पोत घालून आणली आणि पुढच्या मेअखेर त्यातली ५ राहिली. दोन तगरी, एक कण्हेर, एक कोरांटी आणि कोपऱ्यातला गवती चहा. ही पाचही मी सगळ्यात कमी लक्ष दिलेली होती. त्यानंतर मी वाफा पूर्ण उकरून नव्याने लावला आणि आता त्याला वर्षातून मोजून चार-पाच दिवस द्यावे लागतात, बाकी फक्त पाणी.

तर दिशा. पूर्वेची भिंत सगळ्यात सोपी, सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारनंतर सावली, तिथे मोगरा, जास्वंद, अबोली, तगर, जे म्हणाल ते येतं. पश्चिमेला दुपारी दोनपासूनचं ऊन असतं आणि एप्रिलमध्ये पारा ३८-४० वर गेला की भिंतच तापते, आमच्या भिंतीला रात्री नऊला हात लावला तरी ऊब लागते, म्हणजे झाडाला समोरून ऊन आणि मागून शेक. पातळ, मोठ्या पानांची झाडं तिथे टिकत नाहीत. दक्षिणेला थंडीत दिवसभर छान ऊन मिळतं कारण तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, आणि मेमध्ये डोक्यावर आला की उलट छज्जाची सावली पडते. उत्तरेचं जरा नीट समजून घ्या, कारण इथेच लोक फसतात. थंडीत तिथे अजिबात ऊन नसतं, म्हणून आपण बिनधास्त सावलीची झाडं लावतो, पण पुण्यात मे महिन्याच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तो शून्य सावलीचा दिवस म्हणतात ना तो, आणि तिथून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारीसुद्धा तो थोडा उत्तरेला असतो, त्यामुळे नेमक्या भर मेमध्ये उत्तरेच्या भिंतीवर सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं आणि नाजूक फर्न दोन दिवसांत करपतात. म्हणून एक दिवस बघून ठरवू नका. निदान डिसेंबरात एकदा आणि मेमध्ये एकदा, ऊन किती वाजता येतं आणि किती वाजता जातं ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

छज्जाचं तर कोणी बोलतच नाही. दीड-दोन फुटांचा छज्जा असला की भिंतीलगतच्या तेवढ्या पट्टीत पाऊस पोचत नाही. पुण्यात वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर, आणि तो पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर येतो, त्यामुळे पूर्वेच्या भिंतीखाली जुलैत माती बोटाने उकरली तरी कोरडी लागते, आणि आपल्याला वाटतं एवढा पाऊस पडतोय, पाणी कशाला घालायचं. मी मैत्रिणीकडे बावधनला हे बघितलंय, बाहेर रिपरिप चालू आणि छज्जाखालची अबोली माना टाकून उभी. याच्या उलट छज्जाची धार जिथे पडते तिथे माती उडून खड्डा पडतो, रोप उघडं पडतं आणि भिंतीला गुडघाभर चिखलाचे शिंतोडे. दोन्हीचा फायदा करून घेता येतो. कोरफड, स्नेक प्लांट यांना पावसाळ्यात मुळाशी पाणी साचलेलं चालत नाही, ती कोरड्या पट्टीत सुखात राहतात. आणि धार पडते तिथे झाड लावायचंच नाही, मूठभर आकाराचे गोटे नाहीतर खडी टाकायची.

आता भिंतीपासूनचं अंतर. भिंतीला लागून निदान एक फूट पट्टी मोकळी सोडा, तिथे खडी पसरा, आणि झुडूप असेल तर त्याचं खोड भिंतीपासून दोन फुटांवर. कारणं बरीच आहेत. माती जोत्याच्या वर चढली की आतल्या खोलीच्या भिंतीला ओल येते आणि पोपडे निघतात, वाळवीला आयती वाट मिळते, बांधकामाच्या वेळी जोत्याकडेने वाळवीचं औषध घातलेलं असेल तर आपण खोदून तो थर मोडतो, आणि रंगवायला माणूस आला की त्याला शिडी लावायला जागा राहत नाही, मग तो झाडच तोडतो. शिवाय खोदण्याआधी ड्रेनेजची चेंबरं, नळाची लाईन आणि पाइप गॅस असेल तर ती लाईन कुठून गेलीय ते बघून घ्या, चेंबरच्या झाकणाभोवती मोठं झाड नको. एसीचं आउटडोअर युनिट खाली बसवलेलं असेल तर त्याच्या गरम हवेच्या झोतासमोर काहीही टिकत नाही, तिथे कुंडीसुद्धा ठेवू नका. एसीतून टपकणारं पाणी मात्र बादलीत धरा, त्यात क्षार नसतात, झाडांना चांगलं.

यापुढचं काम घाम काढणारं आहे पण टाळू नका. घराकडेच्या वाफ्यातली माती ही माती नसतेच, बांधकामाचा राडारोडा असतो, वर चार इंच लाल माती पसरलेली. आमच्याकडे पहार मारली की खण्ण आवाज यायचा. सिमेंटचे गोळे, फरशीचे तुकडे, प्लास्टरचे चपटे पापुद्रे, तारेचे वेटोळे, एक अख्खी वीट, असं १४ घमेली निघालं आणि त्याखाली मुरूम. दीड फूट खोल तरी काढाच. सिमेंट-चुना मातीत मिसळला की माती अल्कधर्मी होते आणि आपल्याकडच्या काळ्या मातीतही मुळात चुनखडी असतेच, त्यात बोअरचं जड पाणी, मग झाडाला लोह उचलता येत नाही. ओळखायचं कसं, तर नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. माझा अनंत असाच गेला, मी त्याला खतावर खत घालत होते आणि त्याचा आजार मातीत होता. घरी तपासायचं तर कोरडी चमचाभर माती बशीत घ्या आणि त्यावर व्हिनेगर टाका, फसफसलं म्हणजे चुना भरपूर आहे, मग अनंत, एक्झोरा यांच्या वाटेला जाऊ नका. तगर, कण्हेर, बोगनवेल, कोरांटी यांचं अशा मातीत फारसं बिघडत नाही.

पाण्याचा निचराही बघा. एक फूट खोल खड्डा काढा, पाण्याने भरा, जिरलं की परत भरा आणि दुसऱ्या वेळी किती वेळ लागतो ते बघा. संध्याकाळी भरलेलं सकाळीही तसंच दिसलं तर पावसाळ्यात तिथे मुळं कुजणार. तेव्हा वाफा सहा-आठ इंच उंच करा, विटा आडव्या लावून, फक्त जोत्याच्या खालीच ठेवा आणि भिंतीकडून बाहेरच्या बाजूला उतार द्या. भरायला निम्मी पोयट्याची माती, बाकी चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि तिथलीच चाळलेली माती. नुसती काळी माती नको, ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भेगेत मुळं तुटतात. अर्धवट कुजलेलं शेणखतही नको, त्यातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते. आणि विकतच्या मातीत लव्हाळ्याचे बारीक काळे गड्डे असतील तर चाळताना वेचून टाका, एकदा शिरला की खुरपं हातातून सुटत नाही.

आता झाडं. मी वाफ्यात मागे चारच मोठी झुडपं ठेवलीत, साडेचार-साडेचार फुटांवर. तगर, देशी लाल जास्वंद, हॅमेलिया आणि परत तगर. तगरीवर माझा सगळ्यात जास्त जीव आहे, एकेरी फुलाची, बारा महिने फुलं, ऊन चालतं, अर्धी सावली चालते, कीड फार लागत नाही, आणि सासूबाईंची सकाळची परडी तिच्यावरच भरते. जास्वंद देशीच घ्या. ती मोठमोठ्या फुलांची हायब्रीड फार मोहात पाडतात पण पिठ्या ढेकूण त्यांच्यावर आधी येतो, देशीवरही येतो पण पाइपच्या जोरदार फवाऱ्याने दोन-तीन वेळा धुतली आणि खोडावर चढणारे मुंगळे आवरले की सावरते, कारण मुंग्याच त्याला इकडून तिकडे नेतात. हॅमेलियाच्या केशरी नळ्यांवर शिंजीर येतात, अगदी खिडकीसमोर, आणि उन्हाला ती अजिबात दमत नाही. फक्त ही सगळी सहा-आठ फूट जाणारी आहेत हे लक्षात ठेवून जागा द्या. नर्सरीतलं दीड फुटाचं रोप बघून आपण दीड फुटावर दुसरं लावतो आणि दोन वर्षांनी दर महिन्याला कात्री घेऊन उभं राहावं लागतं. झाड जेवढं वाढणार आहे तेवढी जागा त्याला आधीच दिली की छाटणी जवळजवळ लागत नाही.

सुरुवातीला मोकळं दिसतं, खूपच मोकळं, आणि बघणारे म्हणतात एवढीच झाडं? त्या मधल्या जागेत पहिली दोन वर्षं सदाफुली आणि झेंडू. जुलैच्या शेवटी झेंडूचं बी टाकलं की दसऱ्याला घरचे हार होतात. सदाफुली तर आपलं आपणच बी टाकून उगवत राहते, फक्त पाणी साचतं तिथे कुजते.

खिडकीखाली वेगळा विचार करा. खिडकीचा कठडा अडीच-तीन फुटांवर असतो, तिथे सहा फूट जाणारं झुडूप लावलं की खोलीत अंधार आणि डास. तिथे कोरांटी लावा, दोन-तीन फुटांत राहते, जांभळी घेतली तर काटे नाहीत, पाऊस संपता संपता फुलायला लागते, बाकी वाफा दमलेला असतो तेव्हा. अबोली अर्ध्या सावलीत सुंदर येते. वाफ्याच्या पुढच्या कडेला पावसाळी लिलीचे कांदे, दोन इंच खोल, एकदा लावले की विसरायचं. वळवाचा एक चांगला पाऊस झाला की चार-पाच दिवसांत गुलाबी रांगच उभी राहते. उन्हातल्या कोपऱ्यात गवती चहा, पण येण्याजाण्याच्या वाटेवर नको, पानांची कड कापते. अडुळसा पण चांगला, कशालाच कुरकुरत नाही.

उत्तरेच्या सावलीत सिंगोनियम, स्पायडर प्लांट, र्‍हिओ, पानओवा, आणि मेचं ऊन सहसा लागत नाही अशा आतल्या कोपऱ्यात नेचे. तिथे फुलांचा हट्ट धरू नका, हिरव्याचेच दहा प्रकार एकत्र छान दिसतात.

काय चालतं हे बघायला हायवेचे दुभाजक बघा. वर तापलेलं डांबर, खाली मुरूम, पाणी टँकरचं आलं तर आलं, आणि तिथे काय फुललेलं असतं तर कण्हेर आणि बोगनवेल. पश्चिमेच्या भिंतीचं हवामान साधारण तेच. पण कण्हेर पूर्ण विषारी आहे, पान, फूल, चीक सगळं, तिची छाटलेली फांदी शेकोटीतसुद्धा घालायची नाही. घरात रांगतं मूल असेल, कुत्रं असेल, तर कण्हेर नकोच. तगर आणि सदाफुलीही पोटात जाता कामा नये. बोगनवेल भिंतीकडे नको, काटे खिडकीशी येतात, ती कंपाउंडला लावा.

नको असलेल्यांत सगळ्यात वर वड, पिंपळ, उंबर आणि त्यांचे सगळे भाऊबंद, रबर प्लांटसकट. पक्ष्यांच्या विष्ठेतून जोत्याच्या फटीत पिंपळाचं रोप येतं ते बोटभर असतानाच मुळासकट काढा. भिंतीला चिकटून चढणारी ती बारीक पानांची वेल फोटोत फार गोड दिसते पण काढताना रंग आणि प्लास्टर घेऊन येते. बांबू नको. दुरांटाची पिवळी बॉर्डर नको, महिन्याला कापावी लागते. गुलाब, शेवंती मला आवडतात पण ती कुंडीतच, लक्ष देऊन करायची झाडं आहेत ती. पारिजातक बारा-पंधरा फूट जातो, ४ फुटांच्या वाफ्यात त्याची आणि आपली दोघांची अडचण. आणि दूर्वा वाफ्यात लावू नका, आमच्याकडे गणपतीसाठी म्हणून लावल्या आणि ती हरळी वर्षभरात सगळ्या झुडपांच्या मुळांत शिरली. आता पसरट कुंडीत आहेत, तिथे छान येतात.

लावायची वेळ म्हणजे जून, दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती वीतभर ओली झाली की. मग पुढचे चार महिने मुळं आपली आपण खाली जातात. फेब्रुवारी-मार्चमध्ये नर्सरी फुललेली असते आणि हात शिवशिवतात, पण तेव्हा लावलेलं रोप दोन महिन्यांत उन्हाळ्यात सापडतं. रोपं लहानच घ्या, बिनफुलाची चालतील, पिशवीच्या खालून मुळांचा जुडगा बाहेर आलेला असेल तर ते सोडा. आणि लावताना स्वतः उभे राहा. आमची एक जास्वंद दोन वर्षं होती तेवढीच राहिली आणि मग वाळली, उपटली तर खाली काळी पिशवी तशीच, मुळं आतल्या आत गोल गोल फिरून घट्ट चेंडू झालेला, बाहेर एकही तंतू नाही. लावणाऱ्याने पिशवीसकट खड्ड्यात ठेवून दिली होती. तेव्हापासून पिशवी मी स्वतः ब्लेडने कापते, मुळांचा गोळा फुटू न देता, आणि कापलेल्या पिशव्या मोजून बाजूला ठेवते, रोपं तेवढ्या पिशव्या.

पहिलं वर्ष मात्र पाणी चुकवायचं नाही. पाऊस थांबला की ऑक्टोबरचं ऊन एकदम चटका देतं आणि आपण अजून पावसाळ्याच्या तोऱ्यात असतो, सगळ्यात जास्त रोपं मी त्या पंधरा दिवसांत जाताना बघितलीत. तेव्हा आठवड्यातून दोनदा, एप्रिल-मेमध्ये पश्चिमेला एकाआड एक दिवस. तिसऱ्या वर्षापासून उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पण भरपूर. भरपूर म्हणजे किती, तर माझा लावलेला भाग १८ बाय ३ फूट, म्हणजे ५ चौरस मीटर, त्यावर २० मिलिमीटर पावसाएवढं पाणी म्हणजे १०० लिटर, साध्या पाच-सहा बादल्या. रोज झारीने वरवर शिंपडलं की मुळं वरच राहतात आणि पाणीकपातीच्या आठवड्यात झाड लगेच माना टाकतं, एकदाच खोल दिलं की ती खाली जातात.

पाणी उडू नये म्हणून पालापाचोळा, दोन-तीन इंच जाड, वर्षभर. सोसायटीतले लोक पोती भरून टाकायला काढतात तो मागून आणा. खोडापासून चार बोटं लांब ठेवा आणि भिंतीकडच्या खडीवर जाऊ देऊ नका, वाळवीसाठी. पावसाळ्यात गोगलगाई त्याखाली जमतात, संध्याकाळी टॉर्च घेऊन वेचल्या की भागतं, मीठ टाकू नका, ते मातीतच राहतं.

बाकी वर्षाचं काम थोडंच. मृगाच्या आधी सुकलेल्या फांद्या काढायच्या आणि प्रत्येक झुडपाच्या आळ्यात दोन घमेली शेणखत, त्यात मूठभर निंबोळी पेंड. हॅमेलिया जूनमध्ये आणि दिवाळीनंतर एकेकदा निम्म्यावर छाटायची. गवती चहाचं बेट दर दोन-तीन वर्षांनी उपटून फोडायचं नाहीतर मध्ये वाळतं. तगरीच्या छाटलेल्या फांद्या टाकू नका, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या वीतभर काड्या करून वाफ्याच्या सावलीच्या टोकाला खोचून ठेवा, सगळ्या नाही पण बऱ्याच जगतात. आमच्या चौथ्या झुडपाच्या जागी आता जी तगर आहे ती अशीच पहिलीच्या काडीवरून आलेली.